एआयच्या मेमरीत घर साठवताना



एरवी मी इथे जुन्या बडोद्याबद्दल लिहिते. दांडिया बाजारातलं आमचं घर, गणपतीचे दहा दिवस, उत्तरायणात अगाशीवर घालवलेला अख्खा दिवस, आईचा लीला चिवडा, असं काहीबाही. आजचा विषय नवा आहे. वेबवरचा मजकूर एआय एजंटच्या मेमरीत साठवणारं एक साधन मी गेलं वर्षभर वापरते आहे. त्याने मला पुष्कळ दिलं आणि एका घरगुती समारंभात मान खाली घालायलाही लावली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मुलं-नातवंडं असलं काहीतरी बसवून देत असतील, म्हणून काय झालं ते सांगते आणि मग माझं मत सांगते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मला सवय अशी, की कुठे काही चांगलं वाचलं की ते स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचं. इंदूरच्या कुणी सराफ्याबद्दल लिहिलं, कर स्वतःला. बेळगावच्या कुणी कुंद्याची आठवण लिहिली, कर स्वतःला. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांवरचा लेख, तोही. मग सहा महिन्यांनी ते शोधायला बसलं की काही म्हणता काही सापडायचं नाही. मागच्या दिवाळीला पुण्याचा भाचा आला होता. माझा फोन बघून म्हणाला, "मावशी, तू स्वतःलाच किती मेसेज करतेस! थांब, तुला एक बटण देतो."

दिलं. लॅपटॉपवर ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह आलं. समोर जे पान उघडलं असेल, ते त्या चिन्हावर क्लिक केलं की आत जातं. आणि नंतर मराठीत विचारायचं, "सुरसागराबद्दल मी काय काय वाचलं होतं?" की एजंट उत्तर देतो.

हे आत नेमकं काय करतं, ते मी भाच्याकडून तीनदा समजून घेतलं. मला कळलं तेवढं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

बटण दाबलं की ते साधन पानावरच्या जाहिराती, मेनू, बाजूच्या पट्ट्या काढून टाकतं आणि मुख्य मजकूर तेवढा उचलतं. त्या मजकुराचे छोटे छोटे तुकडे करतं. प्रत्येक तुकड्याच्या अर्थावरून आकड्यांची एक लांब माळ तयार होते. ज्यांचा अर्थ जवळचा, त्यांच्या माळाही जवळ पडतात. म्हणजे मी "तिखट नाश्ता" विचारलं, तरी "शेव-उसळ" लिहिलेला तुकडा सापडतो, शब्द तोच असायला लागत नाही. मी प्रश्न विचारला की जवळचे पाच-दहा तुकडे शोधून ते मॉडेलपुढे ठेवले जातात, आणि ते वाचून मॉडेल उत्तर लिहितं.

याला मेमरी म्हणतात खरं, पण मॉडेल स्वतः काहीच शिकलेलं नसतं. विसरभोळ्या आजोबांच्या खिशात आपण चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि कुणी काही विचारलं की त्यांनी चिठ्ठी काढून, वाचून, मग ऐटीत उत्तर द्यावं, तसा प्रकार. चिठ्ठी बरोबर तर आजोबा बरोबर.

माझ्या साधनात आणखी एक सोय होती. साठवलेलं वाचून ते आपणहून सारांश करायचं, आणि त्यातून छोट्या छोट्या "माहिती"च्या ओळी काढून वेगळ्या ठेवायचं. अमक्याचं घर कुठे, तमक्याचं लग्न कोणाशी, असं. भाचा म्हणाला, यामुळे उत्तरं पटकन मिळतात. मला तेव्हा ते फार आवडलं. गोम तिथेच होती.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

माझ्या आईचा एक फोटो आहे. सोळा-सतरा वर्षांची असेल, मांडीवर तंबोरा. ती दोनेक वर्षं गाणं शिकली होती एवढंच आम्हाला ठाऊक. कुठे, कोणाबरोबर, का सोडलं, काही माहीत नाही. ती गेल्याला वीस वर्षं झाली, आता विचारायचं कोणाला? मौलाबक्षांनी १८८६ मध्ये बडोद्यात सुरू केलेल्या गायनशाळेबद्दल हैदराबादला राहणाऱ्या एका बडोदेकर बाईंनी आठवण लिहिली होती. त्यांच्या आत्या तिथे जायच्या. त्यात एक ओळ होती, की रावपुऱ्यातून आत्यांबरोबर चालत येणारी एक मुलगी तंबोरा उलट्या बाजूला धरायची आणि म्हणून बोलणी खायची. मी ती पोस्ट वाचली होती, साठवलीही होती, आणि विसरले होते. पुढे कधीतरी मी स्वतःच एक टिपण साठवलं, की आई डावखुरी होती, लाटणंसुद्धा डाव्या हाताने धरायची. आईबद्दल सगळं एकत्र कर म्हटल्यावर एजंटने ते दोन तुकडे शेजारी शेजारी आणून ठेवले.

मी हैदराबादला फोन लावला. आत्या आता एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. मी आईचं माहेरचं नाव सांगितलं आणि पलीकडून त्या आईच्या आवाजाबद्दल बोलायला लागल्या. मी लॅपटॉप मिटून रडले. त्यामुळे "हे यंत्रबिंत्र सगळं थोतांड" असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही.

कच्चे दुवेही लवकर कळले. आपल्याकडे निम्मा मजकूर फोटोच्या रूपात फिरतो. सुंदर रंगीत चौकटीत टाइप केलेली आठवण, पण संगणकाच्या लेखी ते चित्र. ते साठवलं की साधारण चित्राचं नाव तेवढं आत जातं. युनिकोड रुळायच्या आधीची जी मराठी पानं अजून टिकून आहेत, त्यांत जुने फॉन्ट वापरलेले असतात. पडद्यावर देवनागरी दिसते, साठवलं की इंग्रजी अक्षरांचा काला. लॉगिन लागतं अशा पानांवर कधी कधी मजकुराऐवजी "कृपया लॉगिन करा" एवढंच साठतं, आणि आपल्याला वाटतं लेख आला.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच. आपल्याकडे दुरुस्ती कुठे होते? लेखाखाली. कुणीतरी लिहितं, फोटो अमुक सालचा. खाली नागपूरहून एक काका येतात, "नाही हो, त्या साली ती इमारतच नव्हती." मग तिसरे येतात. तीन दिवसांत सगळ्यांनी मिळून खरं काय ते ठरवलेलं असतं. आणि हे साधन "मुख्य मजकूर" तेवढा उचलतं, खालची चर्चा कचरा समजून टाकून देतं. म्हणजे चूक साठते आणि दुरुस्ती गळते. शिवाय मी सोमवारी साठवलं आणि लेखकाने बुधवारी लेख सुधारला, तर माझ्याकडे सोमवारचाच राहतो.

आता झालं ते सांगते. नातं मी मुद्दाम मोघम ठेवते आहे.

आमच्या नात्यातल्या एका दादांची पंचाहत्तरी होती. चाळीसेक माणसं, छोटा हॉल, श्रीखंड-पुरीचा बेत. मी लिहिते-वाचते म्हणून घराण्याबद्दल एक छोटी पुस्तिका करायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभरात कुटुंबातल्या पाच-सहा जणांच्या आठवणी मी साठवल्या होत्या. एजंटला म्हटलं, दादांच्या घराबद्दल माझ्याकडे असलेलं सगळं एकत्र करून आठ पानी मजकूर कर. त्याने केला. मराठी इतकी ओघवती, की मलाच हेवा वाटला. मी शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी तारखा सुधारल्या, आणि छापायला दिलं.

पाचव्या पानावर एक वाक्य होतं. वहिनींच्या तरुणपणातल्या एका कठीण काळाबद्दल. ते काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही. त्यात बदनामीचं काही नव्हतं. उलट त्यांच्या हिमतीचं कौतुकच होतं.

जेवणानंतर सगळे पुस्तिका चाळत होते. वहिनी चष्मा लावून वाचत होत्या. पाचव्या पानाशी त्या थांबल्या, पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली, आणि मला हळूच म्हणाल्या, "वन्सं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच आठवेना. मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणूनच तपासताना ते वाक्य मला खटकलं नव्हतं.

घरी येऊन शोधलं. वहिनींच्या लेकीने आईबद्दल फार प्रेमाने एक लेख लिहिला होता. वहिनींना तो कळल्यावर त्यांनी तिला सांगितलं, "ते माझं आहे. मला सांगायचं असेल तेव्हा मी सांगेन." लेकीने चौथ्या दिवशी लेख काढून टाकला. मी दुसऱ्या दिवशी साठवला होता. तो काढल्याचं मला माहीतच नव्हतं, आणि यंत्राला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. जगात कुठेही नसलेला तो लेख माझ्या लॅपटॉपमध्ये जिवंत राहिला आणि चाळीस प्रती होऊन हॉलमध्ये आला.

मी लगेच साठवलेला लेख पुसला. मनाला बरं वाटावं म्हणून पुन्हा प्रश्न विचारून पाहिला. एजंटने तीच हकीकत परत सांगितली!

भाच्याला फोन केला. तो रात्री दोन तास माझ्या लॅपटॉपवर बसून होता. लेख एका जागी होता, त्याचा सारांश दुसऱ्या जागी. पुस्तिकेचा मसुदा एजंटने माझंच लेखन समजून तिसऱ्या जागी साठवला होता. आणि चौथ्या जागी, त्या "माहिती"च्या ओळींमध्ये, वहिनींच्या आयुष्यातले ते दिवस एका ओळीत बसवलेले होते. त्या ओळीला ना लेखक, ना तारीख, ना लिंक. गावचा पत्ता सांगावा तशी ती ओळ तिथे पडून होती. ती वाचून मला जितकं वाईट वाटलं, तितकं हॉलमध्येही वाटलं नव्हतं. लेकीच्या लेखात ममता होती, आईला ती कशी हाक मारते तेही होतं. यंत्राने ते सगळं काढून फक्त घटना ठेवली होती.

त्या रात्री मला आमच्या अण्णांची आठवण झाली, म्हणजे वडिलांची. ते बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत होते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं खातं उभं केलं, गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे. मांडवीजवळच्या त्या इमारतीत लोखंडी कपाटांच्या मधली जमीन काचेची आहे, खालच्या मजल्यावर उजेड जावा म्हणून. लहानपणी मी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायची.

अण्णांच्या टेबलावर दाखल रजिस्टर असायचं. पुस्तक आलं की त्याला क्रमांक, तारीख, लेखक, कोणाकडून आलं, किंमत. हे सगळं लिहिल्याशिवाय पुस्तक कपाटात जायचं नाही. पण मला त्या रात्री आठवला तो शेवटचा रकाना. पुस्तक कमी करायचं झालं तर तिथे लाल शाईत "खारीज", तारीख, कारण आणि सही. आणि तेवढ्याने काम संपायचं नाही. त्या पुस्तकाची कार्डं वेगवेगळ्या खणांत असत. एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. अण्णा प्रत्येक खणातून ते कार्ड शोधून काढायचे. एखादं कार्ड राहिलं तर चिडायचे. म्हणायचे, "पुस्तक गेलं आणि कार्ड राहिलं, तर आपण खोटं बोलतो आहोत."

माझ्या लॅपटॉपमध्ये तेच झालं होतं. पुस्तक गेलं, तीन कार्डं राहिली.

तर माझं मत असं. आपल्या घरांच्या गोष्टी एआयच्या मेमरीत साठवायला माझी ना नाही. पण प्रत्येक गोष्टीवर ती कोणी सांगितली, केव्हा सांगितली हे चिकटलेलं असलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याने परत मागितली तर ती सगळ्या खणांतून निघाली पाहिजे. हे दोन्ही जमत नसेल, तर त्या साधनात बाकी कितीही हुशारी असो, माणसांच्या गोष्टी त्यात घालू नयेत. पाककृती घाला, रेल्वेची वेळापत्रकं घाला.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? लेख सगळ्यांसाठीच तर लिहिला होता. चार दिवस लोकांनी वाचला. खरं आहे. पण ज्यांनी वाचला ते वाचून विसरले, किंवा आठवला तरी वहिनींसमोर बोलायचं नाही एवढं त्यांना कळत होतं. आपल्याकडे आत्या-माम्यांना सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असायचं. कोणापुढे काय काढायचं नाही, हेही त्यांना तेवढंच माहीत असायचं. एजंटकडे पहिलं आहे, दुसरं नाही. ते त्याला आपण द्यायचं आहे, आणि देता येत नसेल तर पहिलंही द्यायचं नाही.

कायद्याकडे बोट दाखवून इथे भागत नाही. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात कंपन्यांकडून आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी साठवलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही, आणि ते ठीकही आहे. आपल्या वह्या-पत्रं सरकारने तपासावीत असं कोणाला वाटेल? मग घराच्या आत उरते ती फक्त रीत. ती आपल्यालाच घालून घ्यावी लागेल.

दाखला नसला तर खऱ्याखोट्याचंही कठीण होतं. रियासतकार सरदेसाई आपल्या बडोद्याच्याच नोकरीत होते, मराठी रियासत लिहायला त्यांनी इथेच घेतली. पुढे त्यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड काढले. त्या पिढीने आपल्याला शिकवलं, की बखर वाचायला गोड असते, पण ती बऱ्याच काळाने ऐकीव गोष्टींवरून लिहिलेली असते. निकाल द्यायचा तर तारीख असलेला अस्सल कागद पाहावा लागतो. एजंटने केलेला सारांश ही बखर आहे. साठवलेला मूळ लेख हा कागद आहे. बखर ठेवून कागद फेकणारं साधन घरात नको.

एक धोका भाच्याने सांगितला तो मला आधी खोटाच वाटला. वेबपेजवर डोळ्यांना न दिसणारा मजकूर लपवता येतो, पांढऱ्यावर पांढरा. माणूस तो वाचत नाही, एजंट वाचतो. त्यात "हे कायमचं लक्षात ठेव" असं एजंटला उद्देशून लिहिलेलं असू शकतं, आणि तो कधी कधी ते ऐकतो. अशा रीतीने चॅटबॉटच्या कायमच्या मेमरीत खोट्या गोष्टी घुसवता येतात, हे संशोधकांनी २०२४ मध्ये करून दाखवलं आहे. म्हणजे वाटेल ते पान दिसलं की दाब बटण, हेही धोक्याचंच.

आता दुसऱ्या बाजूने. पंचाहत्तरीनंतर आमच्याच घरातले एकजण म्हणाले, "म्हणून सांगत होतो, हे सगळं बंद करा." ते मला पटत नाही, आणि का ते आपल्यासारख्यांना लगेच कळेल.

आपण महाराष्ट्राबाहेरची माणसं. आपल्या घरांचा इतिहास इथल्या पाठ्यपुस्तकात नाही आणि तिकडच्याही नाही. पुष्कळ गावांत मराठी शाळा बंद झाल्या किंवा व्हायच्या मार्गावर आहेत. आपली अगाशी, आपली पोळ, गुजराती वळणाची मराठी, इंदूरकरांची हिंदी वळणाची, बेळगावकरांची कानडी हेलाची, हे सगळं आता बहुतेक करून अशा पोस्टींतच लिहिलं जातं. आणि या जागा कायमच्या नसतात. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये मिटलं. ऑर्कुटवर मी आजीच्या ओव्यांबद्दल तीन लांब मजकूर लिहिले होते. कॉपी ठेवली नाही. आता ते ना माझ्याकडे आहेत ना कुठे. हैदराबादच्या बाईंची पोस्ट उद्या अशीच गेली असती, तर उलटा तंबोरा धरणारी माझी आई मला कधीच सापडली नसती.

म्हणून बटण मी ठेवलं आहे. वापरायची पद्धत बदलली.

पहिलं, आपणहून "माहिती"च्या ओळी काढायची ती सोय बंद केली. आता मूळ मजकूर जसाच्या तसा, साध्या फाइलमध्ये, माझ्या लॅपटॉपवर राहतो. उद्या हे साधन बंद पडलं तरी फाइल उघडता येईल.

दुसरं, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर चार ओळी. लेखक कोण, लिहिलं केव्हा, लिंक कोणती, मी साठवलं केव्हा. लेखाखाली कुणी दुरुस्ती केली असेल तर ती हाताने कॉपी करून, दुरुस्ती करणाऱ्याच्या नावासकट खाली जोडते. दोन मिनिटं जातात. जाऊ देत.

तिसरं, हयात माणसाच्या घरातलं काही असेल तर साठवण्याआधी विचारते. एक मेसेज. "तुमची आठवण माझ्या संग्रहात ठेवू का? एआय वापरते, त्यात जाईल." आतापर्यंत बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं. दोघांनी नको म्हटलं, एकाने आडनाव काढून ठेवा म्हटलं. कोणी रागावलं नाही.

चौथं, एजंटला सांगून ठेवलं आहे की प्रत्येक वाक्यापुढे फाइलचं नाव दे, आणि फाइल नसेल तर "माझ्याकडे नाही" म्हण. तरी अधूनमधून पुड्या सोडतो. म्हणून छापायला किंवा कुणाला पाठवायला काही असेल, तर मूळ फाइल उघडून वाचल्याशिवाय पाठवत नाही. पाचव्या पानाने शिकवलं.

पाचवं, दर तीन महिन्यांनी एक दुपार काढून लिंका उघडून बघते. अख्खी जागाच बंद पडली असेल तर फाइल ठेवते, तेवढ्यासाठीच तर साठवली. पण लेखकाने स्वतः लेख काढला असेल, तर आधी त्याला विचारते, आणि तो नको म्हणाला तर माझ्याकडूनही काढते. लेख, सारांश, मसुदे, फोनमधली प्रत, सगळे खण. आणि एका वहीत लिहिते, अमुक तारखेला एक फाइल कमी केली. काय होतं ते लिहीत नाही. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने "खारीज" लिहिलं आहे. अण्णा असते तर म्हणाले असते, अक्षर सुधार.

ही साधनं बनवणाऱ्यांत आपलीच मुलं आहेत, पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. त्यांना माझी एकच विनंती. साठवायचं बटण जितकं मोठं केलंत, तितकंच मोठं परत काढायचं बटण द्या, आणि ते दाबल्यावर त्या मजकुरातून पुढे जे जे निघालं तेही जाऊ दे. माझ्यासारखीला भाचा आहे म्हणून चार जागा सापडल्या. ज्यांना भाचा नाही, त्यांनी काय करायचं?

आणि आपण सगळ्यांनी या पानापुरतं एक ठरवून टाकू या. कुणाची आठवण साठवायची असेल तर खाली "साठवते" किंवा "साठवतो" एवढा शब्द लिहा. लेख काढायची वेळ आली, तर लिहिणाऱ्याला कोणाकोणाला सांगायचं ते कळेल. माझ्या जुन्या लेखांपैकी तुमच्याकडे कोणते असतील, तर ते खुशाल ठेवा. फक्त मागच्या वर्षी मी शेजारच्या घराबद्दल लिहिलेलं काढून टाकलं होतं, ते असेल तर कृपया काढा. विचारायला मीच विसरले होते.

पुस्तिकेच्या चाळीसपैकी सदतीस प्रती मी घरोघर जाऊन परत आणल्या. दादा म्हणाले, राहू दे गं, कोण वाचतंय. वहिनी काही बोलल्या नाहीत.

हा मजकूर टाकण्यापूर्वी मी त्यांच्याकडे जाऊन वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी काट मारायला लावली, ती मारली आहे. एक वाक्य बदलायला सांगितलं, ते बदललं. शेवटी म्हणाल्या, "श्रीखंड बाहेरचं नव्हतं वन्सं, मी घरी केलं होतं. ते लिहा."

लिहिलं, वहिनी.